जुन्या नोड सर्व्हरची पॅकेजेस मार्गी लावताना

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला. आमची सर्व्हर-सेवा जिथे चालते तिथे मार्चअखेर नोड १२ (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बंद होणार होतं. त्यात वावगं काही नव्हतं, कारण नोड १२ची अधिकृत देखभाल एप्रिल २०२२ मध्येच संपली आहे. सेवा तशी मोठी नाही. अर्ज घेते, तपासते, पीडीएफ पावती बनवते आणि मेलने पाठवते. पण ती लिहिणारी माणसं केव्हाच दुसरीकडे गेली होती. पॅकेज डॉट जेसन, म्हणजे सेवेला थेट लागणाऱ्या पॅकेजेसची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) यादी, उघडली तर चाळीसेक नावं, आणि नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये डोकावलं तर हजाराच्या घरात पॅकेजेस. त्यातली बहुतेक नावं मी पहिल्यांदाच वाचत होते. जावास्क्रिप्ट रोज लिहीत असूनही हे सगळं बघून पोटात गोळा आला. कुणावर अशीच वेळ आली तर काय आधी, काय नंतर हे कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीला मी मुद्दाम काहीच बदललं नाही. नोडची व्हर्जन्स बदलून देणाऱ्या एनव्हीएमने माझ्या मशिनवर नोड १२ घातलं आणि पॅकेजेस आणणाऱ्या एनपीएमची ‘एनपीएम सीआय’ ही कमांड चालवली. ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि ‘एनपीएम सीआय’ यांतला फरक आधी नीट समजून घ्या, पुढचं निम्मं काम त्याच्यावर उभं आहे. इन्स्टॉल पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाइल दोन्ही बघतं, आणि त्यांचं जमत नसेल तर लॉक फाइल बदलून मोकळं होतं. सीआय तसं करत नाही. ते जुनं नोड मॉड्यूल्स फोल्डर उडवतं, लॉक फाइलमध्ये जे लिहिलंय तेच आणतं, आणि दोन फाइल्स जुळत नसतील तर एरर देऊन थांबतं. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन असतं, ते कुठून आणलं तो पत्ता असतो आणि त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. डाउनलोड झालेली फाइल त्या हॅशशी जुळली नाही तर ती घेतलीच जात नाही.

हे का लागतं? पॅकेज डॉट जेसनमध्ये व्हर्जनच्या आधी बहुतेकदा ^ असतं. ^४.१.० याचा अर्थ ४.१.० किंवा त्यापुढचं काहीही, फक्त ५ च्या आत. पहिला आकडा शून्य असेल तर मर्यादा आणखी कडक होते. ^०.२.३ म्हणजे ०.३.० च्या आत. म्हणजे नुसती पॅकेज डॉट जेसन हातात असेल तर आज आणि सहा महिन्यांनी केलेलं इन्स्टॉल वेगवेगळं येऊ शकतं. आमच्या आधीच्या लोकांनी लॉक फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवली होती. त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. ती नसती तर आज चालू असलेली सेवा नेमकी कोणत्या कोडवर चालते आहे हेच कळलं नसतं.

जुन्या नोडवर सेवा जशीच्या तशी चालू झाली, टेस्ट पास झाल्या. मग पुढचे काही दिवस मी मॉड्यूल म्हणजे नेमकं काय हे समजून घेण्यात घालवले. कागदावर हा वेळ वाया गेल्यासारखा दिसतो. मॅनेजरनेही विचारलं, अपग्रेड कधी सुरू होणार. पण पुढे जे कोडं पडलं ते याच वाचनामुळे सुटलं.

नोड कॉमनजेएस या आपल्या जुन्या मॉड्यूल पद्धतीची प्रत्येक फाइल चालवण्याआधी एका फंक्शनमध्ये गुंडाळतं. एक्स्पोर्ट्स, रिक्वायर, मॉड्यूल, फाइलचं नाव आणि फोल्डरचं नाव हे पाच त्या फंक्शनचे पॅरामीटर. ही नावं कुठूनही न आणता प्रत्येक फाइलमध्ये वापरता येतात ती त्यामुळे. नुसतं नाव देऊन रिक्वायर केलं, म्हणजे दुसरं मॉड्यूल मागवलं, आणि समोर टिंब-स्लॅश नसलं, तर नोड आधी ते अंगभूत मॉड्यूल आहे का बघतं. नसेल तर ज्या फाइलने हाक मारली तिच्या फोल्डरमधल्या नोड मॉड्यूल्समध्ये शोधतं. तिथे नाही तर वरच्या फोल्डरमध्ये, मग त्याच्या वरच्या, असं पार मुळापर्यंत. सापडलं की फाइल एकदाच चालते आणि तिचा निकाल कॅशमध्ये जातो. पुढच्या वेळी तोच निकाल परत मिळतो. कॅशमधली ओळख असते फाइलचा पूर्ण पत्ता. पॅकेजचं नाव नव्हे, पत्ता. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. तुम्हीही दोन-तीन छोट्या फाइल्स करून एक काउंटर दोन ठिकाणांहून वाढवून बघा, पाच मिनिटांत डोक्यात बसतं.

जानेवारीच्या शेवटी छाटणी सुरू केली. डेपचेक नावाचं एक साधन आहे, ते न वापरलेली पॅकेजेस दाखवतं. त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण जी पॅकेजेस फक्त स्क्रिप्टमध्ये किंवा कॉन्फिगमध्ये नावाने येतात ती त्याला नेहमी दिसतातच असं नाही. मी प्रत्येक नाव कोडमध्ये शोधलं, काढलं, टेस्ट चालवल्या, कमिट केलं (बदल गिटमध्ये नोंदवला). एका कमिटमध्ये एकच पॅकेज. सात-आठ पॅकेजेस कुणीच वापरत नव्हतं. त्यांच्याबरोबर त्यांची पिलावळही गेली आणि पॅकेजेसचं झाड (कोण कुणाला ओढून आणतं ती रचना) बरंच हलकं झालं.

काही पॅकेजेसचं काम आता नोड स्वतःच करतं. युनिक आयडी बनवणं, आतल्या फोल्डरसकट फोल्डर तयार करणं किंवा काढून टाकणं, कमांड लाइनवरचे पर्याय वाचणं, एन्व्ह फाइल वाचणं, टेस्ट चालवणं यासाठी पूर्वी बाहेरून पॅकेज आणावं लागायचं. नोड २०च्या वरच्या व्हर्जनमध्ये हे सगळं अंगभूत आहे. अंगभूत मॉड्यूल आणताना नावाआधी ‘नोड:’ लावा. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे बाहेरचं नाही, आणि त्याच नावाच्या बाहेरच्या पॅकेजशी गल्लतही होत नाही.

फेब्रुवारीत व्हर्जन वाढवायला घेतलं. थेट २२ वर उडी न मारता १६, २० आणि मग २२ असं गेले. मधली व्हर्जन्स प्रत्यक्ष वापरायची नव्हती, पण एररचे गठ्ठे वेगवेगळे झाले आणि कुठली एरर कशामुळे आली हे शोधणं सोपं गेलं.

नोड १६ वर येताच इन्स्टॉलच अडलं. नोड १२ बरोबर एनपीएम ६ यायचं. पॅकेजने मागितलेली पीअर डिपेन्डन्सी, म्हणजे वापरणाऱ्याने आपल्याकडे ठेवायचं दुसरं पॅकेज, नसेल तर ते फक्त इशारा द्यायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या एनपीएम ७ पासून पीअर डिपेन्डन्सी आपोआप इन्स्टॉल होतात आणि दोघांच्या मागण्या जुळत नसतील तर ईरिझॉल्व्ह एरर येते. नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो लेगसी पीअर डेप्स हा पर्याय लावण्याचा. त्याने इन्स्टॉल पुढे सरकतं, भांडण मात्र तसंच राहतं. एरर लांबलचक असली तरी शांतपणे वाचा. कोण कुणाचं कोणतं व्हर्जन मागतंय आणि तिथे कोणतं आहे हे त्यात स्पष्ट असतं. आमच्याकडे सगळा गुंता एका लॉगिन प्लगिनमुळे होता. त्याचं पुढचं व्हर्जन घेतलं आणि एरर गेली.

लॉक फाइलही याच टप्प्यावर बदलते. जुन्या एनपीएमची घडण वेगळी होती, नवीन एनपीएम ती फाइल नव्या घडणीत लिहून काढतं आणि त्यासाठी राहिलेली माहिती रजिस्ट्रीवरून, म्हणजे पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून, मागवतं. पहिल्यांदा बराच वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. गिटमध्ये हजारो ओळी बदललेल्या दिसतात, म्हणून हा बदल अगदी वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. त्यात दुसरं काही मिसळलं तर तपासणाऱ्याला काहीच उमगत नाही.

पासवर्ड हॅश करणारं पॅकेज सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं होतं. अशी पॅकेजेस नोड-जिपने तुमच्या मशिनवर कंपाइल होतात आणि त्यासाठी पायथन आणि कंपायलर दोन्ही लागतात. जुनं व्हर्जन नव्या नोडवर कंपाइलच होईना, स्क्रीनभर कंपायलरच्या एरर. त्या वाचण्यात शक्ती घालवू नका. पॅकेजच्या नव्या व्हर्जनला तयार बायनरी मिळते का ते बघा. आम्हाला मिळाली.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. नोड १५ पासून, न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन (नंतर पूर्ण होणारं काम फसल्याची सूचना) आलं की प्रोसेस बंद पडते. आधी नुसता इशारा यायचा. मेल पाठवणाऱ्या कोडमध्ये अशी एक जागा वर्षानुवर्षं इशारे देत होती. टेस्टमध्ये ती प्रोसेस धाडकन बंद पडली तेव्हा ती सापडली. लोकांना पावत्या न मिळण्याच्या काही जुन्या तक्रारींचं मूळही तिथेच निघालं.

नोड २० वर आल्यावर रिक्वेस्ट हे दुसऱ्या सर्व्हरकडे मागणी पाठवणारं पॅकेज काढायला घेतलं. ते फेब्रुवारी २०२० मध्येच अधिकृतपणे निवृत्त झालं, तरी आमच्या कोडमध्ये ठिकठिकाणी होतं. त्याऐवजी अंगभूत फेच वापरलं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. समोरून ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आलं तरी फेच एरर फेकत नाही, रिस्पॉन्सचं ‘ओके’ आपणच तपासायचं. आणि आपली वेळमर्यादा आपणच घालायची, त्यासाठी अबॉर्ट सिग्नलचा टाइमआउट आहे. हे दोन्ही एका छोट्या मॉड्यूलमध्ये टाकलं आणि बाकी सगळ्यांना तेच मॉड्यूल वापरायला लावलं. बाहेरचं पॅकेज कोडभर विखुरण्यापेक्षा आपल्या एका फाइलमागे ठेवलं तर पुढच्या बदलात एकच फाइल उघडावी लागते.

मग आला कॉमनजेएस आणि ईएस मॉड्यूल्सचा (इम्पोर्ट-एक्स्पोर्टवाल्या पद्धतीचा) प्रश्न. नोडचा जन्म २००९चा आणि जावास्क्रिप्टच्या प्रमाणात इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आलं २०१५ मध्ये, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. मधल्या काळात बऱ्याच पॅकेजेसनी नवीन मेजर व्हर्जन (पहिला आकडा बदललेलं) फक्त ईएस मॉड्यूल म्हणून आणलं. जुन्या नोडवर ते रिक्वायर केलं की एरर येते. म्हणून सगळा कोड इम्पोर्टमध्ये बदलून टाकू, असं टीममध्ये दोघांचं मत होतं. मी नको म्हटलं. त्यात प्रत्येक फाइलच्या पत्त्याला एक्स्टेन्शन लावावं लागतं, फोल्डरचं नाव देणारा तो अंगभूत पॅरामीटर मिळत नाही, जेसन आणायची रीत बदलते. मार्चअखेरची तारीख डोक्यावर असताना दोन मोठे बदल एकत्र करणं मला पटलं नाही. शिवाय नोड २२.१२ पासून ईएस मॉड्यूल थेट रिक्वायर करता येतं, फक्त त्यात सर्वांत वरच्या पातळीवर अवेट नसावा. म्हणून जुनं तसंच ठेवलं आणि नवीन फाइल्स इम्पोर्टने लिहायच्या ठरवलं. एक छोटी अडचण येईल ती सांगून ठेवते. असं रिक्वायर केल्यावर बहुतेकदा हातात संपूर्ण मॉड्यूलचा ऑब्जेक्ट येतो, डीफॉल्ट एक्स्पोर्ट त्याच्या ‘डीफॉल्ट’ या प्रॉपर्टीत असतो. ‘हे फंक्शन नाही’ अशी एरर आली तर आधी तिथे बघा.

आता ते कोडं. सगळं चालू झालं, टेस्टही पास होत्या, पण चाचणीच्या सर्व्हरवर चुकीचा अर्ज भरला की ४०० (मागणीच चुकीची) ऐवजी ५०० यायला लागलं. एरर पकडणाऱ्या मिडलवेअरमध्ये (मागणी आणि उत्तर यांच्या मध्ये चालणाऱ्या कोडमध्ये) साधी तपासणी होती: आलेली एरर व्हॅलिडेशन एरर या क्लासची आहे का, इन्स्टन्सऑफ लावून. लॉगमध्ये एररचं नाव व्हॅलिडेशन एररच दिसत होतं आणि तपासणी मात्र नाही म्हणत होती. एरर तीच, क्लास तोच, उत्तर खोटं. मला आधी कोड कुठेतरी कॅश झालाय असं वाटलं. मग वहीतलं ते वाक्य आठवलं आणि झाड दाखवणाऱ्या ‘एनपीएम एलएस’ला त्या व्हॅलिडेशन पॅकेजचं नाव दिलं. झाडात ते दोनदा होतं. मुळाशी नवीन मेजर व्हर्जन, कारण मी ते वाढवलं होतं. आणि आमच्याच टीमचं फॉर्मचे नियम ठेवणारं एक छोटं पॅकेज होतं, त्याच्या पोटातल्या नोड मॉड्यूल्समध्ये जुनं व्हर्जन, कारण त्याची मागणी अजून जुन्याचीच होती. दोन पत्ते, म्हणजे कॅशमध्ये दोन मॉड्यूल्स, म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे क्लास. एरर एका क्लासची बनत होती आणि तपासली जात होती दुसऱ्याशी. टेस्टमध्ये हे आलं नाही कारण टेस्ट दोन्ही भाग वेगवेगळे तपासत होत्या.

दुहेरी प्रती एकत्र करणारं ‘एनपीएम डीड्यूप’ इथे चालत नाही, दोन्ही मागण्या एका व्हर्जनमध्ये बसतच नव्हत्या. आमचं छोटं पॅकेज नवीन व्हर्जनवर आणलं आणि त्यात ते व्हॅलिडेशन पॅकेज साध्या डिपेन्डन्सीतून काढून पीअर डिपेन्डन्सीत टाकलं. म्हणजे ‘मी स्वतःची प्रत आणणार नाही, वापरणाऱ्याची वापरेन’ असं त्याने जाहीर केलं. शिवाय ते पॅकेज वर्कस्पेस म्हणून सेवेच्याच रिपॉझिटरीत घेतलं. दोन पॅकेजेसमध्ये ऑब्जेक्ट इकडून तिकडे जात असतील तर इन्स्टन्सऑफपेक्षा नाव किंवा कोड तपासणं जास्त टिकाऊ, हेही आता मिडलवेअरमध्ये आहे.

मार्चच्या सुरुवातीला कागदपत्रांचा भाग आला. सुरक्षा बघणाऱ्या टीमला सगळ्या पॅकेजेसची यादी हवी होती. नवीन एनपीएममध्ये ‘एनपीएम एसबॉम’ आहे, ते सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स प्रकारात पूर्ण यादी काढून देतं. शिवाय थेट वापरातल्या प्रत्येक पॅकेजसाठी एक फॉर्म: नाव, व्हर्जन, परवाना, शेवटचं रिलीज कधी, कशासाठी लागतं, नसेल तर काय अडेल. कंटाळवाणं काम आहे, पण मला ते आवडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिता आलं नाही म्हणून आणखी दोन पॅकेजेस मी तिथेच काढून टाकली. बहुतेकांचे परवाने एमआयटी किंवा आयएससी होते. एका छोट्या पॅकेजला परवानाच नव्हता. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे वापरायची परवानगी मिळते असं नाही, म्हणून ते परत आलं. त्याच्या जागी आम्ही वीसेक ओळी स्वतः लिहिल्या. मंजुरीला दोन आठवडे लागले. तुमच्याकडे असा टप्पा असेल तर फॉर्म फेब्रुवारीतच, म्हणजे कोड बदलत असतानाच भरायला घ्या. पैशाचा खर्च काही नाही, सगळी पॅकेजेस मोफतच आहेत. जातो तो वेळ.

मंजुरीची वाट बघत असताना पॅकेजेसमधल्या माहीत असलेल्या सुरक्षा-त्रुटी दाखवणाऱ्या ‘एनपीएम ऑडिट’ची यादी हातावेगळी केली. ती बघून घाबरायला होतं. आधी डेव्ह डिपेन्डन्सी (फक्त कोड लिहिताना-तपासताना लागणारी पॅकेजेस) वगळून चालवा, प्रत्यक्ष सर्व्हरवर जे जातं तेवढंच उरतं. मग प्रत्येक नोंदीसाठी ‘एनपीएम एक्सप्लेन’ने ते पॅकेज कुणी ओढून आणलं ते बघा. ‘ऑडिट फिक्स’ला फोर्स लावलं तर ते मेजर व्हर्जनसुद्धा बदलतं, आणि आपण इतके आठवडे एकेक करून जे सांभाळलं ते एका कमांडमध्ये विस्कटतं. दोन ठिकाणी आतलं पॅकेज वाढवायचं होतं पण ते आणणारं पॅकेज नवीन रिलीज देत नव्हतं. तिथे पॅकेज डॉट जेसनमध्ये आतल्या पॅकेजचं व्हर्जन सक्तीने ठरवणारे ओव्हरराइड्स लिहिले आणि शेजारच्या नोंदवहीत कारण आणि तारीख, कारण जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सेवा नोड २२ वर गेली. रात्री जागावं लागलं नाही.

त्यानंतरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ८ सप्टेंबर २०२५ला चॉक आणि डीबगसह अठरा पॅकेजेसची बाधित व्हर्जन्स रजिस्ट्रीवर आली. एनपीएमच्या नावाने आलेल्या खोट्या मेलमधून त्यांच्या देखभालकर्त्याचं खातं बळकावलं गेलं होतं. घातलेला कोड ब्राउझरमधले क्रिप्टो-व्यवहार वळवणारा होता. काही तासांत ती व्हर्जन्स काढली गेली. बातमी वाचून मी ‘एनपीएम एलएस डीबग’ चालवलं. डीबग आमच्या झाडात होतं, तीन वेगवेगळ्या पॅकेजेसच्या खाली. बाधित व्हर्जन होतं ४.४.२. लॉक फाइलमध्ये ४.३ मालिकेतलं होतं आणि आमचा बिल्ड फक्त ‘एनपीएम सीआय’नेच होतो, त्यामुळे ते आमच्याकडे यायला वाटच नव्हती. ज्या दोघांनी त्या दिवशी आपापल्या मशिनवर ‘इन्स्टॉल’ केलं होतं त्यांच्या लॉक फाइल्स आम्ही तपासल्या. त्याही स्वच्छ निघाल्या.

त्या आठवड्यापासून बिल्डमध्ये इन्स्टॉल स्क्रिप्ट्स (पॅकेज बसवताना आपोआप चालणाऱ्या त्याच्या कमांड्स) बंद केल्या आहेत. पासवर्डवाल्या पॅकेजला ती लागते, तेवढ्यासाठी एनपीएम रीबिल्ड वेगळं चालवतो. व्हर्जन वाढवताना ‘बिफोर’ हा पर्याय देऊन दोन आठवड्यांपूर्वीची तारीख घालतो, म्हणजे त्यानंतर रजिस्ट्रीवर आलेलं काही झाडात येत नाही. तातडीची सुरक्षा दुरुस्ती असेल तर ते एकच पॅकेज नाव घेऊन वाढवतो आणि लॉक फाइलमधला फरक दोघं जण ओळ न् ओळ वाचतात.